वाढत्या अंगाची रायफल

चूक माझी होती. ती मी आधी माझ्या मुलीवर ढकलली आणि मग तिला नेमबाजी शिकवणाऱ्या बाईंवर, आणि दोघींनाही त्याचा पत्ता लागू दिला नाही. त्यासाठी मला फक्त दोन वाक्यं खोटी बोलावी लागली. एक मुंबईतल्या दुकानात मुलीशी, दुसरं दोन दिवसांनी पालघरला बाईंशी. दोन्ही वाक्यं इतकी लहान होती की बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. पुढचे दोन महिने मात्र मी एका जागी धड बसू शकलो नाही. जेवता जेवता उठायचो, खिडकीशी जायचो, परत पानावर बसायचो. बायको म्हणायची, "अहो, पोटबीट बिघडलंय का? सारखे काय उठताय?"

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. बावीस वर्षं झाली. घाटावरून आलो तो बोईसरला, आणि सरावलीत घर घेऊन इथलाच झालो. आमच्या विभागात एक अलिखित नियम आहे: पंप घ्यायचा तर हिशोबात येतो त्यापेक्षा एक नंबर मोठा घ्यायचा, मोटर एक नंबर मोठी, केबलही एक नंबर जाड. उद्या उत्पादन वाढलं तर पुन्हा खरेदी नको, वरच्यांचे प्रश्न नकोत. या नियमावर मी बावीस वर्षं निभावली आहेत.

तोच नियम मी घरी आणला होता, किंवा घरातून कारखान्यात नेला होता, मला आता नक्की सांगता येणार नाही. मी लहान असताना मला कपडे वाढत्या अंगाचे शिवले जायचे. शर्टाच्या बाह्या बोटांवरून खाली यायच्या, आणि त्या मापाच्या होईपर्यंत कोपराला विरलेल्या असायच्या. माझ्या मुलीचंही तेच केलं. शाळेचे बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. तिने कधी तक्रार केली नाही. आज मला वाटतं, तक्रार न करणारं मूल बापाला फार बिघडवतं.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. पालघरला एका शाळेच्या मागे जुनं गोदाम होतं. तिथे चार जणांना एका वेळी उभं राहता येईल अशी दहा मीटरची रेंज केली होती. समोर फळ्यांची भिंत, तिच्यावर टार्गेटचे कागद, आणि कागदावर बांगडीएवढी काळी वर्तुळं. ती मैत्रिणीबरोबर एकदा बघायला गेली आणि मग जातच राहिली. आमची मुलगी वर्गात हात वर न करणारी, पाहुणे आले की आत जाणारी. पण छर्ऱ्याची रायफल खांद्याला लावली की ती वेगळीच दिसायची. घाई नाही, भीती नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट हलकेच मागे. फट. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तिचा थोडा धाक वाटला.

शिकवणाऱ्या बाई माकुणसारच्या. पन्नाशी उलटलेल्या, गणवेशाच्या नोकरीतून लवकर निवृत्त झालेल्या. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी. सकाळी वाडीत, दुपारनंतर रेंजवर. बोलणं मोजकं, आणि जे बोलायच्या ते तोंडावर. शाळेच्या दोन रायफली आणि मुलं नऊ. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत तास संपायचा. म्हणून एक दिवस बाईच म्हणाल्या, "पोरीचा हात चांगला हाय. जमत असेल तर तिची तिला घ्या."

मी लगेच वहीच काढली. मी असा माणूस आहे. व्हिडिओ बघितले, तक्ते केले, वेग किती, जोर किती, नळी किती लांब. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवलं. त्यांनी वही हातात घेतली, उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर कप ठेवून चहा प्यायल्या.

"जोर काय करायचाय?" त्या म्हणाल्या. "समोर कागद हाय, रानडुक्कर नाय. दहा मीटर. जोर जितका जास्त, तितका स्प्रिंगचा धक्का जास्त. तुमचा छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल हलते."

मग त्यांनी मुलीला बोलावलं. कोपर दुमडायला लावलं आणि शिवणकामाची टेप काढून कोपराच्या आतल्या बाजूपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं. "दस्त्याची लांबी एवढी. अर्धा बोट इकडेतिकडे चालेल, जास्त नाय. दुकानात तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी मागच्या भोकात आपोआप दिसली तर ती तिची. मान ताणून शोधायला लागली तर खाली ठेवा, कितीपण चांगली असू दे. आणि नळी वाकवून हवा तिने स्वतः भरायची, चाळीस वेळा. तुमी नाय."

"आणि दुर्बीण वगैरे?"

"दुर्बीण बसवून चंद्र बघा तुमी."

शेजारच्या मुली हसल्या. मीही हसलो. पुढे त्यांनी आणखी दोनतीन गोष्टी सांगितल्या. बारीक तोंडाच्या नळीचीच घ्या. कागदासाठी चपट्या डोक्याचे छर्रे, गोल भोक पडतं, गुण मोजताना भांडण नाही. जिचा वॉशर आणि स्प्रिंग मिळेल तीच घ्या. आणि घ्यायच्या आधी तीच रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारून बघा, पाचही एका जागी पडले पाहिजेत. हे सगळं मी लिहून घेतलं. मला हे सगळं माहीत होतं, एवढंच मला सांगायचं आहे. अजाणतेपणाचा आडोसा माझ्याजवळ नाही.

मुलीला घेऊन मुंबईला गेलो. दुकान जुनं होतं. मालक म्हातारे, कानाला मशीन, बोलणं गोड. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, मुलीकडे बघितलं आणि फळीवरून एक आखूड, साध्या लाकडाची रायफल काढली. तिने डोळे मिटले, खांद्याला लावली, डोळे उघडले.

"बाबा, दिसतंय," ती म्हणाली. "न शोधता दिसतंय."

तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. पण काउंटरच्या काचेत दुसरी होती. लांब, काळीभोर, दस्त्याला तेल पाजलेलं. मी ती मागितली. आणि आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी बायकोलाही फार उशिरा सांगितली. मी ती आधी माझ्या खांद्याला लावली. मी डोळे मिटले आणि उघडले. माशी बरोबर भोकात. ती माझ्या मापाची होती. मला आयुष्यात कुठलाच खेळ कोणी शिकवला नव्हता, आणि त्या दुकानात, त्रेपन्नाव्या वर्षी, मला अचानक ती हवीशी वाटली. पण स्वतःशीसुद्धा मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, मुलगी वाढती आहे. दोन वर्षांत हात लांब होतील. मग दुसरी घ्यायची का?

मुलीने मोठी खांद्याला लावली. मान पुढे ताणली, कंबर मागे गेली, नळीचं टोक थरथरलं.

"साहेब," मालक म्हणाले, "मोठी विकली तर माझाच फायदा आहे. तरी सांगतो, बेबीला लहान द्या. मोठी झाली की लहान परत आणा, मी घेईन."

ती माझ्याकडे बघत होती. "बाई काय म्हणाल्या होत्या? मापाचं?" तिने विचारलं.

चिटोरा माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी म्हणालो, "थांब, बाईंनाच विचारतो," आणि दुकानाबाहेर फुटपाथवर गेलो. फोन कानाला लावला. नंबर दाबला नाही. काचेतून ती मला बघत होती, म्हणून मी मान हलवली, ओठ हलवले, थोडं हसलो. मग आत आलो आणि म्हणालो, "बाई म्हणाल्या मोठीच घ्या. हात वाढणारच आहे."

हे पहिलं वाक्य.

तिने लहान रायफलीकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. मालकांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि बिल करायला घेतलं. पाच छर्रे मारून बघायचं मी विसरलो. विसरलो कसला, मला तिथून निघायचं होतं.

मंगळवारी मी कामावरून थेट पालघरला गेलो. मुलगी आत जाड जाकीट घालत होती. बाईंनी खोका उघडला, रायफल उचलली, दस्त्यावर वीत ठेवली आणि मान वर केली.

"ही कोणी निवडली?"

मी कोणता शब्द निवडतो आहे हे मला कळायच्या आत तो बाहेर पडला होता. "पोरीचा हट्ट, बाई. ऐकेचना."

हे दुसरं.

बाईंनी जिभेने 'च्च' केलं. "हट्ट नेमाला चालत नाय," एवढंच म्हणाल्या. मुलगी बाहेर आली तेव्हा त्यांनी रायफल तिच्या हातात दिली. "घेतलीय ना? मग निभव आता."

मुलीने मान हलवली. बाईंनीच सांगितलेली रायफल आणि बाईच म्हणतायत निभव, तर निभवायलाच हवं, असं तिने मनाशी घेतलं. बाईंना दिसत होती ती हट्टी पोरगी, जिला आता स्वतःलाच कळू दे. दोघींच्या मधे दोन हातांचं अंतर होतं आणि मी त्या अंतरात उभा होतो, हातात पाण्याची बाटली घेऊन.

मग सुरू झालं. नळी वाकवताना तिला दस्ता मांडीला रोवून दोन्ही हातांनी जोर लावावा लागायचा. दहा छर्ऱ्यांपर्यंत ठीक. विसाव्याला दंड थरथरायला लागायचे. मान पुढे, पाठ मागे, गाल लाकडाला टेकतच नव्हता. शाळेच्या रायफलीने तिचे छर्रे काळ्या वर्तुळाच्या आत एकमेकांना चिकटून पडायचे. आता ते कागदभर सांडलेले असायचे. खांद्याच्या हाडाशी हिरवट डाग पडला. बायको रात्रीचं जेवण झालं की तेल गरम करून चोळायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "बुटात कापूस कोंबता येतो. यात काय कोंबणार?"

बाई तिला फारसं काही सांगत नव्हत्या. बाकी मुलांच्या खांद्याला हात लावून, कोपर वर-खाली करून शिकवायच्या. हिच्यामागून नुसत्या पुढे जायच्या. मुलगी घरी येऊन म्हणायची, "बाई बोलत नाहीत माझ्याशी. मी नीट करत नाही म्हणून असेल."

मी तेव्हा काय करत होतो? चालत होतो. रेंजबाहेरच्या मैदानात कुंपणापासून पाण्याच्या नळापर्यंत आणि नळापासून कुंपणापर्यंत. आतून 'फट' आवाज आला की थांबायचो. हा तिचा की दुसऱ्या कुणाचा, हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं. तिची रायफल जास्त जोरात वाजायची. आत जाऊन बाईंना खरं सांगायला मला शंभर पावलंही लागली नसती. तेवढी मी दर दहा मिनिटांत चालत होतो.

कारखान्यात आमचा एक फिटर आहे, उत्तरेकडचा, हुशार. त्याला मी रायफलीचं सहज म्हणून सांगितलं. तो हसला. "साहब, पीछे से दो इंच काट दो. आधे घंटे का काम है. इधर ही कर देता हूँ."

"और कल बच्ची बड़ी हो गयी तो?"

"तो जोड़ देंगे साहब. लकड़ी है, हड्डी थोड़े ही है."

इतकं सोपं होतं ते. मी त्याला नाही म्हटलं. दस्ता कापला असता तर बाईंनी विचारलं असतं, का कापला. मुलीने विचारलं असतं, बाईंनी सांगितलेली कशी कापली. एका कापलेल्या लाकडातून माझी दोन्ही वाक्यं बाहेर आली असती. म्हणून लाकूड शाबूत ठेवलं आणि पोरीचा खांदा दुखत राहिला.

जिल्हा स्पर्धेसाठी नावं पाठवायची वेळ आली. बाईंनी एका रविवारी सगळ्यांची सराव चाचणी घेतली. पुढच्या रविवारी त्या नावं पाठवणार होत्या. आम्ही पालक बाहेर बाकावर. मी बाकाशेजारी उभा. दातिवऱ्याची एक आई होती, तिची मुलगीही शिकायची. तिने आमच्या मुलीला खोका घेऊन आत जाताना बघितलं आणि मला म्हणाली, "काय ओ भाऊ, पोरगी हाय का शिपाय? एवढी मोठी बंदूक दिलीव तिला! होडीवर डोलकाठी म्हणून लावता येल."

सगळे हसले. मला ते लागलं. पाऊण तासाने मुलगी बाहेर आली, कागदांची गुंडाळी हातात, आणि न विचारताच तोंडावरून कळत होतं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मनच नाही हिचं. लक्ष नाही. एवढी चांगली वस्तू आणून दिली, तर हे असं."

ती रडली नाही. खोका खाली ठेवला, मनगट चोळत माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या ना, हात वाढेल. नाही वाढला, बाबा."

मी गाडीला किक मारली. बोईसर येईपर्यंत ती मागे बसून खोका दोन्ही हातांनी सांभाळत होती, वळणावर तो माझ्या पाठीला लागू नये म्हणून.

बुधवारी संध्याकाळी तिने मला एक चिठ्ठी दिली. "बाईंना द्याल? मला समोर जाऊन सांगवत नाही." पाकीट नव्हतं, वहीचा घडी घातलेला कागद. मी वाचला. 'बाई, तुम्ही माझ्यासाठी जी रायफल सांगितली ती मला पेलली नाही. मी खूप प्रयत्न केला. तुम्ही रागावला आहात ते बरोबर आहे. मी उद्यापासून येणार नाही. माफ करा.'

ज्यांच्याशी मी खोटं बोललो, त्यांतली एक दुसरीची माफी मागत होती, आणि तो कागद पोचवायचा मी.

चिठ्ठी दिली तर बाई पहिल्याच ओळीला विचारणार, मी कुठली रायफल सांगितली? नाही दिली तर हट्ट करून महागडी वस्तू घेणारी आणि न सांगता पळून जाणारी पोर म्हणून ती त्यांच्या मनात कायमची राहणार. आणि मुलगी आयुष्यभर समजणार की एका चांगल्या गुरूने तिच्यावर विश्वास टाकला आणि तिच्या हाताने तो वाया घालवला.

गुरुवारी चिठ्ठी खिशात घेऊन निघालो. रेंजच्या फाटकाशी गाडी मंद केली आणि पुढे गेलो. पुढे म्हणजे कुठे हे ठरलं नव्हतं. सफाळ्यावरून तसाच दातिवऱ्याला पोचलो, किनाऱ्यापर्यंत. होड्या वाळूवर ओढलेल्या, मासळी सुकत घातलेली. एक म्हातारा जाळं सांधत होता. मी बसलो, उठलो, पाण्याजवळ गेलो, परत आलो.

"कोणाकडं आलाव?" त्याने विचारलं.

"कोणाकडे नाही. असाच."

"असाच कोन येते एवढ्या लांब?" तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात बघायला लागला. मी गाडी वळवली. शुक्रवारी पुन्हा फाटकापर्यंत गेलो, पुन्हा पुढे. चिठ्ठीची घडी माझ्या घामाने मऊ पडली होती.

शनिवारी दुपारी मला सुट्टी होती. मुलगी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रायफल पुसत होती. नळी, दस्ता, लोखंडाची प्रत्येक कड. मग तिने ती खोक्यात ठेवली, उरलेल्या छर्ऱ्यांची डबी ठेवली, बिल ठेवलं. कुणाची तरी वस्तू परत करायची असावी तसं नीट. झाकण लावता लावता तिने विचारलं, "बाबा, चिठ्ठी वाचून बाई काही म्हणाल्या का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. खरंच तयार होतं. 'बाई म्हणाल्या, हरकत नाही. त्यांना काही वाईट वाटलं नाही.' मी तोंड उघडलंसुद्धा. ती झाकणावर हात ठेवून वर बघत होती, मी जे सांगेन ते खरं मानायला तयार. जशी दुकानात होती तशीच. दोन महिन्यांत माझ्यावरचा तिचा विश्वास तिळभरही कमी झाला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"चप्पल घाल," मी म्हणालो. "माकुणसारला जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"बस गाडीवर."

वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं. एकदा तर गाडी बाजूला घेऊन उभी केली. "पेट्रोल संपलं का?" तिने विचारलं. नाही म्हटलं आणि पुन्हा निघालो.

बाई वाडीत केळींना पाणी देत होत्या. साडी खोचलेली, पाय चिखलात. आम्हाला बघून त्यांनी पाइप खाली टाकला, पाणी तसंच वाहू दिलं. मुलीकडे बघून म्हणाल्या, "दोन दिवस कुठं होतीस?" मुलीने माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी पोचली असणार असं तिला वाटत होतं.

मी कागद काढून बाईंना दिला. त्यांनी हात पदराला पुसले, चिठ्ठी लांब धरून वाचली, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या.

"मी सांगितली? कुठली रायफल मी सांगितली?"

"तुम्ही नाही सांगितली," मी म्हणालो. "तुम्ही दिलेलं माप माझ्या खिशात होतं. दुकानदारही लहान घ्या म्हणाला. हिलाही लहानच हवी होती. मला मोठी घ्यायची होती, म्हणून मी तुमचं नाव पुढे केलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हिचं."

पाणी वाहत माझ्या बुटांपर्यंत आलं. मी पाय हलवला नाही.

"म्हंजे हिने हट्ट केला नव्हता?"

"नाही."

"आणि मी खुळी, दोन महिने पोरीशी सरळ बोलले नाय!" बाई चिखलातून बाहेर आल्या, मुलीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं गो. मी तुला एका शब्दाने विचारायला पाहिजे होतं. उद्या आठला ये. शाळेच्या रायफलीवर मार. नाव तुझं मी अजून खोडलं नाय."

इतकं सरळ. ज्यांची चूक नखाएवढी होती त्यांनी ती एका श्वासात कबूल केली. मी मात्र बाईंकडेच बघत होतो. "बाई, मला खरंच फार..." मी सुरू केलं.

"मला काय सांगताव?" त्या म्हणाल्या. "माझं काय गेलं? माझा खांदा नाय सुजला. तिला सांगा." आणि पाइप उचलून केळींच्या मागच्या रांगेत गेल्या.

मुलगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही फोन केलाच नव्हता?"

"नाही."

"मग कानाला लावून काय बोलत होतात?"

"काही नाही. हो, हो. बरं, बरं. असंच."

"तुम्ही हसलापण होतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती ते आठवून बघत होती. मग राग आला. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि ती म्हणाली, "मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. रोज वाटायचं. आरशात हात मोजायचे मी."

आमच्या घरात बापाने मुलांची माफी मागायची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी मागितली नाही, आणि त्यांचीही कोणी मागितलेली नसणार. चूक झाली की दुसऱ्या दिवशी जिलेबी यायची, किंवा नुसतंच 'जेवलास का' विचारलं जायचं, आणि समजणाऱ्याने समजायचं. मला वाटेत तेही सुचलं होतं, येताना पालघरला थांबून तिला काहीतरी खायला घालावं. पण ती समोर उभी होती, तेरा वर्षांची, हात शरीराला घट्ट लावून, आणि तिला समजून घ्यायला लावायची ही वेळ नव्हती. मी तिच्या उंचीला येईन इतका खाली वाकलो. गुडघा दुखला. शब्द हव्या त्या क्रमाने येत नव्हते, तरी बोललो.

"बाईंनी तुला मोठी रायफल सांगितली नव्हती. ती मला आवडली होती, म्हणून मी घेतली. तुझा हात जेवढा हवा तेवढाच आहे. तुझं लक्ष होतं, मनही होतं, आणि मी सगळ्यांसमोर उलटं बोललो. मी तुझ्याशी खोटं बोललो, तुझ्याबद्दल खोटं बोललो, आणि तुझा खांदा दुखत असताना गप्प बसलो. चूक माझी आहे. मला माफ कर."